तुमच्या गाडीची, माझ्या हाताची मूठ

आज तुमची गाडी हलली. मी हलवली. तुमच्या पाठचे नानाभाऊ आणि नंदुरबारहून आणलेला लॉरीवाला सकाळपासून तिच्याशी झटत होते आणि शेवटी त्यांनी घण मागवला होता. पण ते मागाहून सांगते. तुम्हाला गोष्ट मधूनच सांगितलेली आवडायची नाही. "पहिल्यापासून सांग" म्हणायचात, आणि पहिल्यापासून सुरू केली की मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघत बसायचात.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. मला माजघराच्या कोपऱ्यात बसवलं आहे, आपल्याकडे विधवेला बसवतात तसं, घोंगडीवर, भिंतीकडे तोंड करून. बायका येतात, गळा काढतात, चहा पितात, जातात. मला रडू येतं ते त्या निघून गेल्यावर. त्या समोर असल्या की नुसता राग येतो, कारण प्रत्येकीचं एकच पालुपद. "गाडीनी खादा व माय त्याले!" मी मान खाली घालून ऐकते. गाडीनं तुम्हाला खाल्लं नाही हे मला ठाऊक होतं. आणि ते कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ तुम्ही मला घालून गेलात.

तळोद्याचा जंगलखात्याचा साहेब विलायतेला परत चालला तेव्हा त्याची ती दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकलेली शर्यतीची गाडी तुम्ही घेऊन आलात. सगळं गाव बघायला लोटलं. आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "हाई काय लयनास रे? हिन्हामां चारा मावाव नही, कापूस मावाव नही." तुम्ही खो खो हसलात. त्यांनी तरीही नारळ फोडला, चाकांना हळद-कुंकू लावलं. मी दारामागून बघत होते. तुमचा चेहरा त्या दिवशी इतका उजळलेला होता की मला त्या गाडीचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू.

तेव्हा तुमच्या दुखण्याचं मला माहीत नव्हतं. लग्नाला वर्षं झाली होती, तरी नव्हतं. तुम्हाला आकडी क्वचित यायची, आणि आली की तुम्ही मळ्यात असायचात, नाहीतर खोलीचं दार लावून घ्यायचात. मला कळलं ते गाडीतच. तळोद्याच्या रस्त्यानं चाललो होतो, तुम्ही मला सातपुड्याचे डोंगर जवळून दाखवणार होतात. एकाएकी म्हणालात, "गूळ जळाना वास येस का तुले?" मी नाही म्हणेपर्यंत तुमची मान वळली, डोळे वर गेले, आणि तुमचा हात वळवायच्या चाकावर तसाच ताठ. गाडी रस्ता सोडून कपाशीत घुसली. हातब्रेक तुमच्या मांडीपाशी खाली कुठंतरी दडलेला. मी वाकून हात घातला तर मनगटातल्या बांगड्या सीटच्या लोखंडात अडकल्या, फुटल्या, हात रक्तबंबाळ झाला, पण दांडा काही हाती लागला नाही. काळ्या भुसभुशीत मातीनं चाकं धरली म्हणून वाचलो.

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा मी तुम्हाला घाबरले होते, आणि तुम्ही मला. पहिलं वाक्य काय बोललात आठवतं? "मायले सांगू नको." मी म्हटलं, आईला का नाही सांगायचं? तेव्हा तुम्ही तुमच्या मामाचं सांगितलंत. आत्याबाईंचा सख्खा भाऊ. त्यालाही हेच. लोक त्याला भर चावडीपुढे जोडा हुंगवायचे आणि पोरंटोरं हसायची. तुम्ही लहानपणी ते बघितलं होतं. "मन्हा नाकले कोनी जोडा लावाव नही," तुम्ही म्हणालात. मी शपथ घेतली. तेव्हा ती घेणं सोपं वाटलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं औषध दिलं आणि गाडी चालवणं बंद करा म्हणून बजावलं. औषध तुम्ही घेतलंत. गाडी सोडणार नाही म्हणालात. किती भांडलो आपण त्यावर! मी बोलणं टाकलं, तुम्ही जेवण टाकलंत. मग एका सकाळी तुम्ही स्वतःच तोड काढलीत. गाडीत मी नेहमी शेजारी बसायचं, आणि हातब्रेकचा दांडा असा करून घ्यायचा की तो माझ्या हाताला लागेल. तुमच्या जिवाला तुम्ही फक्त एवढीच किंमत लावायला तयार होतात. मी तीही घेतली. दुसरं काय करणार होते?

यासीनमिस्त्री आठवले की आजही हसू येतं, इतक्या दुःखातही येतं, म्हणून लिहिते. नंदुरबारच्या त्यांच्या दुकानात बंदुका, शिवणयंत्रं आणि फोनोग्राफ एकाच फळीवर पडलेले असायचे. दांडा वाकवून डावीकडे आणायचा, उंच करायचा, हे त्यांना लगेच उमगलं. मूठ मात्र हाताच्या मापाची हवी, आणि माझ्या हाताला हात लावायला ते तयार होईनात. "ना भाई, पाटलांच्या सुनेचा हात मी नै धरनार. हमारी बीबी धरेगी." त्यांची बायको हमीदाबी बांगड्या भरायची, गावातल्या सगळ्या बायकांचे हात तिच्या ओळखीचे. तिनं कणकेचा गोळा मळला, माझ्या उजव्या हातात दिला आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबला. "जोर से धर. जातं ओढताना धरते ना, तैसा." बोटांचे खळगे उठले. बांगड्यांचे वळ उठले.

ती कणीक तिनं उन्हात ठेवली आणि मिस्त्रींनी ती पार वाळल्यावर मापाला घेतली. मूठ झाली ती पाळण्यातल्या पोराच्या खुळखुळ्याएवढी! कणीक वाळली की आकसते हे रोज भाकरी थापणाऱ्या दोन बायकांना आणि एका मिस्त्रीला सुचलंच नाही. नवरा-बायकोचं जे जुंपलं! मिस्त्री म्हणे तूने पाणी जास्ती घातलं, हमीदाबी म्हणे तुम्ही चार दिवस झोपा काढल्या. तुम्ही मात्र ती चिमुकली मूठ उचलून खिशात टाकलीत. मी विचारलं, हिचं काय करणार? म्हणालात, "कामले ई कधी तरी." आपल्याला मूल नव्हतं. ती मूठ तुमच्या कोटाच्या खिशात अजून आहे.

दुसऱ्या वेळी कणकेवर ओलं फडकं ठेवलं आणि तिथंच, माझ्यासमोर, मिस्त्रींनी शिसवी लाकूड तासायला घेतलं. मूठ अशी बसली की मी हात घातला आणि काढवेना. प्रत्येक बोटाला घर होतं. आणि मनगटाच्या बाजूला त्यांनी एक खोलगट खाच ठेवली होती, बांगड्या तिथं निवांत बसाव्यात म्हणून. दांडा ओढला की एकही बांगडी वाजायची नाही. तुम्ही त्यांना शाबासकी दिलीत आणि मग आपला हात घालून बघितलात. डावा हात. तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

कारण ती मूठ तुमच्या हातात बसेना. बोटांच्या घरांत तुमची बोटं आडवी पडायची, अंगठ्याला टोचायची. "गाडी मन्ही आनि मूठ तुन्ही? हाई कोनता न्याय शे?" दर वेळी गाडी उभी करताना हे. तुम्ही कानस घेऊन यायचात, मी ती लपवायची. थोडी घासू दे म्हणायचात, इकडची एक कड तरी. मी म्हणायची, एक कड गेली तर माझी करंगळी सुटेल. तुम्ही म्हणायचात, करंगळीनं कुठं गाडी थांबते? असं चालायचं. वरवर ती थट्टा होती, पण कधीकधी तुमच्या आवाजात खरं काहीतरी यायचं. तुम्हाला ती मूठ बघितली की आपलं दुखणं दिसत असणार. मला तीच बघितली की धीर यायचा. त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला.

त्या ब्रेकची एक खोड होती, शर्यतीच्या गाडीची. नुसता ओढला तर चाकं आवळतात, पण हात सोडला की दांडा आपोआप पुढे उडून मोकळा होतो. तो अडकवून ठेवायचा तर ओढताना वरची बटणासारखी बोंडी दाबायची. आणि सोडवायचा तर बोंडीला हातच लावायचा नाही, दांडा तेवढा जरासा मागे खेचून हात काढायचा. साध्या गाडीला हे सगळं उलट असतं. तुम्ही मला मळ्यात नेऊन, बांधावर गाडी उभी करून ते शिकवलंत. मला चटकन जमलं तेव्हा इतके खूश झालात की भरदुपारी उसाच्या रसाची घागर मागवलीत.

आणि आपली खूण. जळक्या गुळाचा वास आला की तुम्ही माझं नाव घ्यायचं. "सरू." बस्स. आपल्याकडे नवरा बायकोला नावानं कुठं हाक मारतो? तुम्हीही कधी मारली नव्हती. म्हणून तर तीच खूण ठरली, चुकून तोंडातून जायला नको. मग असं झालं की माझं नाव तुमच्या तोंडून मी ऐकलं ते फक्त भीतीच्या वेळी. ऐकलं की एक हात मुठीवर, दुसरा किल्लीवर. गाडी थांबली की तुम्हाला कुशीवर वळवायचं, डोकं मांडीवर घ्यायचं, तोंडावरचा फेस पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून वर माझा पदर धरायचा. छप्पर नसलेल्या गाडीत दुसरं काय धरणार? प्रेमानं एकदा तरी नाव घ्यायला हवं होतंत. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

पदराखालचं डोकं लोकांनी बघितलं आणि आपल्या परीनं समजून घेतलं. शहाद्याच्या बाजारापर्यंत बोलबाला झाला. पाटलाची सून उघड्या रस्त्यावर नवऱ्याला मांडीवर घेऊन बसते. आत्याबाईंनी मला चुलीपुढे गाठून विचारलं, "घर नही का तुमले? लाज शे का नही?" मी पीठ मळत राहिले. एक शब्द बोलले असते तर त्यांच्या डोळ्यांतला तो तिरस्कार तिथल्या तिथं विरला असता. पण शपथ होती. त्यानंतर गाडीत बसायला मी अंगणातून जायची तेव्हा त्या पाठ फिरवायच्या. तुम्ही हे बघायचात. रात्री म्हणायचात, मन्हाकरता कितलं सहन करस तू. तेवढं बोललात की मला सगळं फिटल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, तुम्ही मला म्हणण्याऐवजी आईला एकदा म्हणाला असतात तर!

त्या दिवसाचं लिहायचं टाळते आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी बाहेरची होते. महिन्याच्या त्या दिवसांत मी पडवीतल्या खोलीत वेगळी बसायची, कुणाला शिवायचं नाही, आणि गाडी तेवढे दिवस गोठ्याशेजारी उभी राहायची. हा आपला ठरलेला नियम होता. दर महिन्याला तुम्ही पिंजऱ्यातल्यासारखे अंगणात येरझाऱ्या घालायचात, पण मोडला कधी नव्हतात. त्या सकाळी मला इंजिनाचा आवाज आला. मी दारात आले. तुम्ही गाडीत बसलेले, अंगात तो जाड कोट. मी विचारलं, कुठं? "नदीलगून जाई येस. बॅटरी उतरी जाई नही तं." मी म्हटलं, थांबा, मी बसते. लोखंडाला विटाळ नाही, परत आल्यावर अंघोळ करीन. तुम्ही ओट्याकडे बघितलंत. आत्याबाई तिथं तूर पाखडत होत्या, पाठमोऱ्या. हळूच म्हणालात, "मायले चालाव नही. आज नको." मी म्हटलं, मग तुम्हीही जाऊ नका. तुम्ही हसलात. हसून डावा हात मुठीवर ठेवलात आणि माझ्याकडे बघत ती सोडलीत. गाडी गेली.

मी इथं अडकते रोज. तुम्ही खरंच आईला जपलंत, की आईचं नाव पुढे केलंत आणि तुम्हाला एकदा, फक्त एकदा, शेजारची सीट रिकामी ठेवून पूर्वीसारखं जायचं होतं? त्या हसण्यात मला दुसरंच दिसतं. तुम्ही देवधर्म न मानणारे, सोवळ्याओवळ्याची टिंगल करणारे. हा एकच नियम तेवढा तुम्हाला बरा सोयीचा होता. तसं असेल तर मला तुमचा भयंकर राग आहे. आणि तसं असेल तर ते मला समजतंही. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हातावर जगायचं, तुमच्यासारख्या माणसानं! दोन्ही एकदम होतं. याचं उत्तर तुमच्याजवळ होतं, ते तुमच्याबरोबर गेलं.

प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीच्या वाळूत टरबुजं-डांगरं लावणाऱ्यांनी तुम्हाला पाहिलं. गाडी वाळूच्या उतारावर सरळ उभी, एक ओरखडा नाही. इंजिन बंद. तुम्ही त्या बुटक्या दारावरून बाहेर कलंडलेले, तोंड खाली, पाण्यात. पाणी किती, तर घोट्याइतकं. लोक म्हणाले, उतरताना पाय घसरला, कपाळ आपटलं. कुणी म्हणालं बाहेरचं काही लागलं. कपाळावर खोक नव्हती, हे कुणी बघितलं नाही. मी बघितलं. विटाळशी म्हणून मला लांबूनच दाखवलं तुम्हाला, तरी बघितलं. तुमची चावलेली जीभ दातांबाहेर दिसत होती.

नंतर कळलं, ब्रेक अडकलेला होता. बोंडी दाबून पक्का अडकवलेला. याचा अर्थ फक्त मलाच कळणार होता. तुम्हाला वास आला, आणि वेळ मिळाला. तुम्ही किल्ली फिरवलीत, माझ्या हाताची ती वाकडी मूठ तुमच्या डाव्या हातानं धरलीत, ओढलीत, बोंडी दाबलीत. सगळं बिनचूक केलंत. गाडी थांबली. म्हणजे ब्रेकनं आपलं काम चोख केलं, यासीनमिस्त्रींची मूठ परक्या हातातही सुटली नाही. आणि मग तुम्ही तिथं बसून वाट बघितली असणार. येतंय हे माहीत असून. तुम्हाला वळवायला कुणी नव्हतं. माझं नाव घेतलंत का हो तेव्हा? वाळूत ऐकायला कोण होतं. घेतलं असेल असं मी धरून चालते. पण मग वाटतं, न घेतलेलं बरं. घेतलं असेल तर उत्तराची वाट बघितली असेल तुम्ही.

तुम्हाला घरी आणलं, मग गाडी आणली. बैल जुंपून. ब्रेक कुणाला सुटेना म्हणून चाकं आवळलेलीच, नुसती ओढत. मी आतून तो आवाज ऐकला, नदीपासून गावापर्यंत रबर घासत येण्याचा. त्याच वेळी बाजूला माझ्या बांगड्या फोडत होते. मला बांगड्यांचा आवाज ऐकू आलाच नाही. मी म्हणत होते, अरे, दांडा थोडा मागे खेचा आणि सोडा! मोठ्यानं म्हणत होते असं मला वाटत होतं. कुणी ऐकलं नाही, म्हणजे मनातच म्हणत असेन.

आता आजचं. गोठ्याशेजारची जागा कडब्याला हवी होती. गाडी आडवी. नानाभाऊंचं काही चुकत नाही, तुमच्या धाकट्या भावानं किती दिवस ते धूड बघत बसायचं? लॉरीवाला आत शिरून झगडत होता. मला कोपऱ्यातून खिडकीवाटे सगळं ऐकू येत होतं. "बोंडी तं बराबर दाबी ऱ्हायनू, सुटतच नही," तो म्हणत होता. बोंडी दाबून तो अडकेल नाहीतर काय! मग नानाभाऊ म्हणाले, "वाकडीतिकडी मूठ करी ठेयेल शे, तिन्हामुयेच अटकनं. घण लया. तोडी टाका ती मूठ."

मी उठले. भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि चालू लागले. जवळच्या बायकांनी पदर धरला, "आते कोपरा सोडतस का व? पाप लागी." दाराच्या उंबऱ्यावर आत्याबाई बसल्या होत्या. त्यांना ओलांडल्याशिवाय जाता येत नव्हतं. मी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. किती दिवसांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं! त्यांचे स्वतःचे हात सासरे गेल्यापासून मोकळे, आता माझेही तसेच. त्या बाजूला सरकल्या आणि बायकांना म्हणाल्या, "जाऊ द्या व तिले."

नानाभाऊ घण घेऊन उभे. "वहिनी, तू काब्रं उनी भाहेर?" मी डावीकडचं दार उघडून माझ्या जागेवर बसले. सीटवर नदीची वाळू होती. हात मुठीवर ठेवला. प्रत्येक बोट आपापल्या घरात गेलं. फक्त मनगटाखाली ती खाच रिकामी राहिली. बांगड्यांसाठी ठेवलेली जागा, आणि तिथं काहीच नाही. हात थोडा मागेपुढे हलत होता, पूर्वी कधी हलला नव्हता. मूठ मला सैल होत होती. मला वाटलं होतं मी रडेन. मला तुमचा डावा हात आठवला. जगात शेवटचं तुम्ही जे केलंत ते या दांड्यात अजून तसंच अडकलेलं होतं, आणि मी सोडलं की ते संपणार होतं. घण दारात होता, म्हणून सोडलं. जरा मागे खेचलं, हात काढला. दांडा उडाला. गाडी उताराला लागली, आणि चाकं एका बाजूनं झिजून चपटी झालेली असल्यानं ठेचकाळत, उड्या मारत, अंगणात आली. मी पुन्हा ओढून उभी केली.

आत्याबाई मागोमाग चालत आल्या होत्या. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "याकरताच बसे का तू त्यानासंगे? हाई वढाकरता?"

मी हो म्हटलं.

"कसाकरता?"

मी तुमची शपथ मोडली. ऐका, तुम्हाला सांगते आहे, मोडली. नानाभाऊंना आणि लॉरीवाल्याला लांब जायला सांगितलं आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. गूळ जळाल्याचा वास, पदर, धुळ्याचं औषध, चावडीपुढचा जोडा. त्या दिवशी मी का नव्हते, तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात तेही. मायला चालणार नाही.

त्या मोटारीच्या दाराला धरून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. त्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "मन्हा भाऊले जनमभर मीच कुशीवर करेल शे. त्याना नाकना जोडा मीच फेकी दे. मले इचारंच नही मन्हा पोऱ्यानी." आणि स्वतःशीच, "तू भाहेरनी व्हती तं मी बसती ना त्यानाजोडे."

तूर पाखडत होत्या त्या, तुमच्यापासून दहा पावलांवर. पाठमोऱ्या.

मला म्हणाल्या, सरक. मी तुमच्या जागेवर सरकले आणि त्या लुगडं सावरत माझ्या जागेवर बसल्या, पहिल्यांदाच त्या गाडीत. त्यांची जाड बोटं मुठीच्या खळग्यांत मावेनात. तरी त्यांनी ती घट्ट धरली.

"कशी वढो?" त्या म्हणाल्या. "दखाड मले."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ओढून दाखवलं.